आपल्यात नसतं ते

चामोर्शीच्या बसस्टँडवर मायनं मला एकच गोष्ट तीनदा सांगितली. पहिल्यांदा पिशवी हातात देताना, दुसऱ्यांदा गडचिरोलीची बस लागली तेव्हा, आणि तिसऱ्यांदा खिडकीचा गज धरून. "कोणी विचारलं तं सांगजो, आमी जंगलातले नाई. आमी धानवाले, तळ्यावरचे. त्यायच्यातले नाई." पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके मासे होते आणि त्यांचा वास माझ्याआधी बसमध्ये जाऊन बसला होता. बाबा जरा बाजूला उभे राहून कंडक्टरशी बोलत होते, म्हणजे माझ्याशी बोलायचं टाळत होते. संगी, माझी धाकटी बहीण, तेव्हा बारावीत होती. ती रडली नाही, पण बस हलली तशी बसबरोबर चालत आली आणि ओरडून म्हणाली, "बाई, फोन करजो!" आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात, कारण त्यांच्याकडे बाई म्हणजे धुणीभांडी करणारी.

तुमच्यातले जे गावातच राहिले आणि जे माझ्यासारखे पिशवी घेऊन निघून आले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. गावची आठवण येते, डोळे भरून येतात, असलं काही यात नाही. मला माझ्या एका वाक्याबद्दल लिहायचं आहे.

मी पुण्याला निघाले ती एका मोठ्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली म्हणून. नागपूरला डिप्लोमा केला होता. आमच्या घरात रक्त तपासणारं पहिलंच माणूस मी. माझ्याआधीच्या पिढ्यांनी जाळी विणली, तळ्यात कंबरभर पाण्यात उभं राहून मासे धरले आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवलं. त्यामुळे घरात माझं म्हणणं म्हणजे शेवटचा शब्द झाला. तापाला कोणती गोळी, मायच्या गुडघ्याला कोणतं तेल, बाबांनी चहात साखर किती घ्यावी, सगळं पुण्याला फोन करून ठरायचं.

"त्यायच्यातले" म्हणजे कोण, ते सांगायला हवं. म्हणजे गोंड, माडिया. आमच्या आठवडी बाजारात ते आतल्या गावांतून चारोळी, मोहफुलं, झाडू घेऊन यायचे आणि बाजाराच्या कडेला, नाल्याच्या बाजूनं बसायचे. माय त्यांच्याकडून चारोळी घ्यायची, पण मला सोबत घेऊन खाली बसायची नाही. उभ्यानंच भाव करायची. घरी आल्यावर आम्हाला सांगायची, ते लोक दारू पितात, त्यायले सांगितलेलं समजत नाई, त्यायचं रक्तच वेगळं राह्यते. हे ती रागानं म्हणत नव्हती. भाजीत मीठ घालावं तितक्या सहज म्हणायची. आम्ही स्वतः ढिवर, मासे धरणारे, गावातल्या वरच्या घरांत आम्हाला कोणत्या दारातून घ्यायचे ते तिला पाठ होतं. पण आपल्याखाली कुणीतरी आहे, याचा तिला फार आधार होता. मलाही होता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

पुण्यात खोली शोधताना मला तो आधार पहिल्यांदा कामाला आला. मालकीणबाईंनी आधार कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "गडचिरोली? अगं बाई! म्हणजे तिथं सगळं जंगल आणि बंदुका ना?" मी मायचं वाक्य पुण्याच्या स्वच्छ मराठीत म्हणून दाखवलं. नाही काकू, आम्ही त्यातले नाही, आमचा भाग शेतीचा आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, तू दिसतही नाहीस तशी." मी चक्क थँक्यू म्हटलं. खोली मिळाली. त्या एका थँक्यूची मला आजही लाज वाटते.

पण त्याच काकूंची एक गोष्ट मी विसरत नाही. पहिल्या पावसाळ्यात मला ताप भरला, तर त्या दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे मलेरिया फार असतो ना? गावाहून नुकतीच आलीयेस, आधी रक्त तपासून घे." मला राग आला. मी लॅबमध्ये काम करते आणि या मला शिकवतात, शिवाय पुन्हा तेच गडचिरोली. तरी तपासलं, तर मलेरियाच निघाला. माझ्या गावावरून त्यांनी एकदा मूर्खपणाचा अंदाज बांधला आणि एकदा शहाणपणाचा, आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा तसाच होता. आमच्या भागाबद्दल कुणी काही म्हटलं की मी सरसकट चिडायची, ते तेव्हापासून जरा कमी झालं.

बाबासुद्धा अंदाजावरच जगले. पाणी गढूळ झालं की मरळ कडेला येते, पाणी आटलं की वाम चिखलात शिरते, अमक्या वाऱ्याला जाळं टाकूच नये. हे सगळं त्यांना तोंडपाठ. तरी दुसऱ्या गावच्या तळ्यावर कामाला गेले की जाळं काठावर ठेवून आधी नुसतेच पाण्यात उतरायचे, पायानं तळ चाचपायचे. कुणी म्हटलं, "काऊन भाऊ, तुमाले तं सगळं माहीत हाय," तर म्हणायचे, "ते आमच्या तळ्याचं माहीत हाय." मी त्यांच्याबरोबर काठावर बसून हे कितीदा पाहिलं असेल. मला ते म्हाताऱ्या माणसाची चाल वाटायची. डिप्लोमा झाल्यावर तर मी अशा गोष्टींकडे पाहायचंही सोडलं.

नोकरीला दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा एक मजूर आमच्या दवाखान्यात आला. बांधकामाच्या साइटवरून त्याला उचलून आणलं होतं. मांड्या धरून तो असा विव्हळत होता की बाकीचे पेशंट उठून दूर बसले. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्यानं त्याच्याकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "ढोसली असेल. नाहीतर इंजेक्शनची सवय. हे लोक असेच येतात." रक्ताची नळी माझ्याकडे आली. फॉर्मवर पत्ता होता, तालुका एटापल्ली. सूरजागडच्या डोंगराखालचं कुठलंसं गाव. पुण्यातल्या त्या अख्ख्या दवाखान्यात ते नाव वाचून काही सुचावं असं एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. माडियांच्या त्या भागात सिकल सेलचा आजार फार, म्हणून कुणी सांगितलेलं नसताना मी त्याची ती चाचणी लावली. नळीतलं पाणी गढूळ झालं. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे सिकल सेल आहे. पुढची पक्की तपासणीही तेच म्हणाली. या आजारात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. तो दारू पीतसुद्धा नव्हता.

डॉक्टरनं मनापासून विचारलं, "तुला कसं सुचलं?" मी म्हटलं, गावावरून. "तुम्हा तिकडच्या लोकांना बरं माहीत असतं," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून कुणी न विचारता बाहेर पडलं, "सर, मी त्यांच्यातली नाही." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या डॉक्टरपेक्षा मी वेगळी आहे असं वाटलं. त्यानं माणूस पाहून आजार ओळखला नाही आणि मी नुसत्या गावावरून ओळखला. दोन-चार दिवस मी हे सगळ्यांना सांगत फिरले.

त्याच महिन्यात, दुपारी, बाबांचा फोन आला. संगीचं लग्न ठरलं होतं. मुलगा आमच्याच समाजातला, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. गावातल्या आरोग्यसेविकेनं, आशाताईंनी, शाळेत सिकल सेलची तपासणी ठेवली होती आणि लग्न ठरलेल्या सगळ्या पोरापोरींना बोलावलं होतं. आजाराचा गुण दोघांतही अर्धा अर्धा असेल तर लेकराला पूर्ण आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी पाहायचं असतं. संगी शाळेत जाऊन रांगेत उभीसुद्धा राहिली होती. बाबा घरून विचारत होते, "बाई, रक्त देऊ द्यायचं काय तिले? तुही माय नाई म्हणते. यादीत नाव आलं तं पाहुणे म्हणतीन, यायच्या घरात कुठी त्यायचं रक्त हाय. लग्न मोडन."

माझ्या हातात नळ्या होत्या, फोन खांद्यानं कानाला दाबून धरला होता. मी हसले. मी म्हटलं, "कायले देता? ते त्यायच्यात राह्यते बाबा. आपल्यात नसते ते."

बाबा शाळेत गेले आणि तिला रांगेतून घेऊन आले.

आता खरी गोष्ट सांगते. मला माहीत होतं. डिप्लोमाच्या परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी लिहिलं होतं, "हा आजार पूर्व विदर्भातील आदिवासी व इतर काही समाजांत आढळतो." गुणही मिळाले होते. त्या वाक्यातलं अर्धंच माझ्या डोक्यात राहिलं, कारण तेवढंच मायच्या शिकवणीशी जुळत होतं. उरलेलं अर्धं पेपरात राहून गेलं. एटापल्लीचं नाव वाचून मी तपासलं, तोवर माझं ज्ञान कामाचं होतं, त्यानं माझ्या हातात सुई दिली. आमच्या घराचं नाव ऐकून तेच ज्ञान मला म्हणालं, तपासायची गरज नाही. तेव्हा ते ज्ञान उरलंच नव्हतं, ती मायची उभ्यानं भाव करायची सवय होती. तो डॉक्टर एका माणसाकडे पाहून म्हणाला, हा दारुडाच असणार. मी माझ्या बहिणीकडे न पाहताच म्हटलं, ही आपली आहे, हिला काही नसणार. आमच्या दोघांत फरक एवढाच की त्याची चूक मी निस्तरली. माझी निस्तरायला तिथं कुणी नव्हतं.

लग्न थाटात झालं. दीड वर्षानं संगीला मुलगी झाली, आरोही. फोटोत फार गोड दिसायची. सात-आठ महिन्यांची असताना तिच्या हातापायाची बोटं सुजली. गडचांदूरच्या बायकांनी तेल सांगितलं, मायनं कडुलिंबाचा पाला सांगितला. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा संगीनं लेक माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाली, "पाह्य ना बाई, कशी किरकिर करून राह्यली." मी तिचे हात हातात घेतले. फुगलेली, ताणलेली बोटं आणि पिवळसर डोळे. मी ते चित्र पुस्तकात पाहिलं होतं. ज्या पानावर ते होतं, ते पानही मला आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. संगी अर्धी, जावई अर्धा, लेक पूर्ण.

मग जे व्हायचं ते झालं. संगीची सासू म्हणाली, तुमच्या घरात कोण होतं त्यायच्यातलं? तिच्या स्वतःच्या लेकाच्या रक्तात तेच निघालं होतं, पण तो कागद तिनं वाचला नाही. मायनं देवाला बोल लावला. जावई बाबांवर ओरडला, भर अंगणात, चार शेजाऱ्यांसमोर. "तुमी काऊन आणलं तिले रांगेतून? आशाताई घरी येऊन गेली होती ना?" बाबा खाली पाहून म्हणाले, "चुकलं माह्यं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तिथंच ओसरीवर होते, हातात चहाचा कप होता. मीही घेतलं नाही.

हे मी चार वर्षं जगले. पुण्याहून औषधं पाठवली, गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या, प्रत्येक रिपोर्ट मागवून वाचला. संगी म्हणायची, "बाई हाय म्हणून बरं हाय." बाबांशी जावई बोलत नव्हता. बाबा लेकीच्या घरी जायचे तेव्हा फाटकात उभे राहून नातीला पाहून यायचे. फोनवर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "जाऊ दे. तुले तिकडं नोकरी करायची हाय." जणू लाज ही ज्याला घरी राहायचं आहे त्यानंच सांभाळायची वस्तू.

या हिवाळ्यात आरोही पुन्हा ॲडमिट झाली. या वेळी दुखणं फार होतं आणि रक्त चढवावं लागलं. मी रजा टाकून चंद्रपूरला गेले. बाजूच्या खाटेवर एटापल्लीकडची एक माडिया बाई होती, सोमीबाई. तिची मुलगी आरोहीपेक्षा मोठी, आठ-नऊ वर्षांची, हाच आजार. मी पोचले तेव्हा संगी सोमीबाईच्या खाटेवर मांडी घालून बसली होती आणि दोघी एकाच डब्यातलं जेवत होत्या. मायनं हे पाहिलं असतं तर काय म्हणाली असती, हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार, मी तरी अजून उभीच का आहे.

सोमीबाई संगीला सांगत होती. "पाणी पाजत राह्य. तहान लागायच्या आधी पाज. थंडीत पाय झाकून ठेव." मग थोडं थांबून म्हणाली, "माह्या पोरीले थंडीत होते. तुह्या पोरीले कशानं होते, ते तू पाह्य. सगळ्याईचं एक नसते." मी आयुष्यभर हजारो नळ्या तपासल्या. इतकं सरळ मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते एका अशा बाईनं सांगितलं जिच्या माणसांशेजारी मी लहानपणी कधी बसले नव्हते.

दुपारी आरोही झोपली. सोमीबाई आपल्या मुलीला घेऊन एक्स-रे काढायला गेली. मी संगीला म्हटलं, "तुला रांगेतून आणायला मी सांगितलं होतं. बाबांनी नाही. त्यांनी मला फोन केला होता. मी म्हटलं, आपल्यात नसते ते."

मी हे पुण्याच्या भाषेत सांगितलं, हे मला बोलून झाल्यावर जाणवलं.

ती बराच वेळ लेकीच्या पायावरची चादर सारखी करत राहिली. सारखीच होती ती. मला वाटलं रडेल, ओरडेल, जावयाला फोन करेल. त्यासाठी मी तयारी करून आले होते. मग ती म्हणाली, "अंगणात तो बाबाले बोलून राह्यला होता तवा तू तिथंच होती ना व?"

मी हो म्हटलं.

"चहा पिऊन राह्यली होती."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात वस्तू हातात घेऊन उलटी करून पाहतात तसं. "आनखी काय काय सांगितलं हाय तू आमाले, असंच?"

मी त्यांना एवढ्या वर्षांत किती गोष्टी सांगितल्या. कोणता डॉक्टर चांगला, कोणत्या गावची सोयरीक नको, कोणत्या लोकांना खोली देऊ नका, कोण आळशी, कोण लबाड, कुणाच्या हातचं खावं. यातलं किती मी पाहून सांगितलं आणि किती नुसतंच ऐकून, ते मलाच वेगळं करता येत नाही. पुण्यात मला लोक गावाच्या नावावरून तोलतात म्हणून मी त्यांच्यावर चिडत होते आणि फोनवर घरच्यांना तेच तराजू पाठवत होते.

संध्याकाळी तिनं जावयाला सगळं सांगितलं. आठवड्यानं जावई गावी गेला, बाबांच्या पाया पडला आणि त्यांना गडचांदूरला घेऊन आला. माझ्याशी तो बोलतो, पण आता बाई म्हणत नाही. मायला अजून वाटतं की सासरच्यांनीच काहीतरी केलं असेल. ती बदलणार नाही आणि तिला बदलायचा अधिकार मी केव्हाच गमावून बसले.

लोक विचारतात, पुण्यात इतकी वर्षं झाली, आता घर म्हणजे काय वाटतं? मी गेले की अजूनही पहिला भात मला वाढतात. बाबा अजूनही बसस्टँडवर घ्यायला येतात. पण मागच्या महिन्यात आरोहीची एक गोळी बंद करावी असं मी फोनवर म्हटलं, तर संगी नेहमीसारखीच "हो बाई" म्हणाली. दोन दिवसांनी मला कळलं की ती आधी चंद्रपूरला डॉक्टरांना विचारून आली, आणि मग आशाताईंनाही. गोळी चालूच आहे. मी चुकले होते.